आइस डान्सची पदकं आधीच ठरलेली असतात?

आइस डान्स म्हणजे स्केट घालून जोडीने बर्फावर नाचण्याचा खेळ. त्याची जागतिक किंवा ऑलिंपिक स्पर्धा जवळ आली आणि कुणी पदकाच्या दावेदारांचा अंदाज मांडायला घेतला, की एक उत्तर हमखास ऐकू येतं. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो: ‘यात अंदाज कसला बांधायचा? इथे निकाल बर्फावर उतरायच्या आधीच ठरलेला असतो. मागच्या वर्षीची यादी उचला आणि तीच लिहा. उड्या नाहीत, म्हणून कोणी पडत नाही, म्हणून क्रम बदलत नाही. परीक्षक देश बघून गुण देतात. एकाच प्रशिक्षकाच्या जोड्या जिंकतात आणि बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं.’

हे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की या खेळाकडे नव्याने वळलेली माणसं ते खरं मानून बसतात. मला ते मनापासून खटकतं. चार मिनिटांच्या फ्री डान्समागे, म्हणजे स्पर्धेतल्या शेवटच्या, मोठ्या नृत्यामागे, दोन माणसांचं बालपण आणि तारुण्य असतं, आणि आपण घरी बसून त्यांना सांगतो की तुम्ही काय केलंत याला काही अर्थ नाही. दाव्यातला जो भाग खरा आहे तो मी नाकारणार नाही. पण एकेक मुद्दा नोंदींशी ताडून पाहिला की बहुतेक इमारत ढासळते.

पहिला मुद्दा मागच्या वर्षीच्या यादीचा. हा तपासायला सगळ्यात सोपा, कारण याद्या सर्वांसमोर आहेत. 2010 ते 2025 या काळात 15 जागतिक स्पर्धा झाल्या. 2020 ची मॉन्ट्रियलची स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली. या 15 स्पर्धांमध्ये आदल्या स्पर्धेतल्या तिन्ही जोड्या त्याच क्रमाने पुन्हा पदकांवर आल्या, असं किती वेळा झालं? एकदाही नाही. क्रम सोडून द्या, निदान तीच तीन नावं पुन्हा आली असं किती वेळा झालं? एकदा. 2023 मध्ये जपानमधल्या साइतामाला अमेरिकेचे मॅडिसन चॉक–इव्हान बेट्स, इटलीचे शार्लेन गिन्यार–मार्को फाब्री आणि कॅनडाचे पायपर गिलेस–पॉल पोअरिये होते. 2024 मध्ये मॉन्ट्रियलला तेच तिघे आले, पण इटलीची आणि कॅनडाची जोडी यांनी जागा बदलल्या होत्या. बाकी प्रत्येक वेळी ‘तीच यादी लिहा’ म्हणणाऱ्याचं किमान एक नाव चुकलं असतं. 2014 मध्ये तर तिन्ही चुकली असती.

यावर उत्तर येतं की ऑलिंपिकनंतर मोठे खेळाडू निवृत्त होतात, जागतिक स्पर्धा टाळतात, म्हणून नावं बदलतात. काही बदलांना ते कारण आहेच. सोची ऑलिंपिकनंतर 2014 च्या जागतिक स्पर्धेला अमेरिकेचे मेरिल डेव्हिस–चार्ली व्हाइट आणि कॅनडाचे टेसा व्हर्च्यू–स्कॉट मोईर या दोन्ही जोड्या आल्या नाहीत. 2022 पासून रशियाच्या जोड्यांना प्रवेश नव्हता. पण कोण येणार, कोण नाही, कोणत्या देशाला किती जागा मिळाल्या, एका देशाच्या तिसऱ्या जागेसाठी कोण भांडतंय, हे सगळं अंदाज बांधण्याचंच काम आहे. आणि निवृत्तीने सगळं सुटत नाही. गॅब्रिएला पापादाकिस आणि गियोम सिझरों ही फ्रेंच जोडी 2014 च्या जागतिक स्पर्धेत तेरावी आली होती. पुढच्याच वर्षी शांघायला ती जगज्जेती झाली, तीही शॉर्ट डान्सनंतर, म्हणजे फ्री डान्सआधीच्या छोट्या नृत्यानंतर, चौथ्या स्थानावर असताना. तेराव्याहून पहिल्यावर. जुनी यादी हातात धरून बसलेल्याला ते आभाळातून पडल्यासारखं वाटलं. ज्याने त्या मोसमावर लक्ष ठेवलं होतं, त्याने ती जोडी प्रशिक्षणासाठी मॉन्ट्रियलला गेल्याचं, शरद ऋतूत ग्रां प्री मालिकेतल्या दोन्ही स्पर्धा जिंकल्याचं, फायनलमध्ये कांस्य घेतल्याचं आणि जानेवारीत युरोपियन अजिंक्यपद पटकावल्याचं पाहिलं होतं. मार्चमध्ये त्याला धक्का बसायचं कारण नव्हतं.

आता ‘उड्या नाहीत म्हणून कोणी पडत नाही’. हे म्हणणाऱ्यांनी ट्विझल कधी नीट पाहिलेलं नसावं असं मला वाटतं. एका पायावर, वेगात पुढे सरकत, भराभर गिरक्या घ्यायच्या; दोघांनी हातभर अंतरावर, एकाच तालात, मग पाय आणि दिशा बदलून पुन्हा. एकाची स्केटची धार किंचित चुकली की गिरकी थांबते. 2017 मध्ये हेलसिंकीला अमेरिकेचे मॅडिसन हबेल आणि झॅकरी डोनोह्यू शॉर्ट डान्सनंतर तिसरे होते. फ्री डान्समध्ये ट्विझल करताना डोनोह्यू पडला आणि जोडी नवव्या स्थानावर गेली. पुढच्या वर्षी प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये चॉक आणि बेट्स फ्री डान्समधल्या स्पिनच्या वेळी एकमेकांत अडकून खाली आले; तेही नववे. त्याच ऑलिंपिकमध्ये पापादाकिसच्या पोशाखाचा गळ्यामागचा बंद शॉर्ट डान्सच्या सुरुवातीलाच सुटला. ती थांबली नाही, पण त्या नृत्यात जोडीला 81.93 गुण मिळाले आणि व्हर्च्यू–मोईर यांना 83.67. फ्री डान्स फ्रेंच जोडीने जिंकला, तरी एकूण हिशेब 206.07 विरुद्ध 205.28 असा लागला. ऑलिंपिक सुवर्ण 0.79 गुणांनी हुकलं. हा निकाल आधी कुणी आणि कसा ठरवला असेल, ते सांगावं.

पण या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इटलीच्या बार्बरा फुझार-पोली आणि माउरिझिओ मार्गालिओ यांच्याबद्दल, कारण दावा करणाऱ्यांचा सर्वांत भक्कम पुरावा आणि त्याचं सर्वांत स्पष्ट उत्तर, दोन्ही याच जोडीच्या नावावर आहेत.

2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये ही जोडी जगज्जेती म्हणून उतरली होती. फ्री डान्समध्ये ते पडले. कॅनडाचे शे-लिन बर्न आणि व्हिक्टर क्राट्झ यांच्या फ्री डान्समध्येही पडझड झाली. तरी इटलीला कांस्य मिळालं, कॅनडा चौथा आला, आणि न पडलेली लिथुआनियाची जोडी पाचवीच राहिली. लिथुआनियाने तक्रार केली, ती फेटाळली गेली. तेव्हा 6.0 ची, म्हणजे जास्तीत जास्त सहा गुणांची, पद्धत होती. परीक्षक संपूर्ण नृत्याला मिळून दोन आकडे द्यायचे, त्यांतून क्रम लागायचा, आणि पडण्याची किंमत किती हे प्रत्येक परीक्षकाच्या मनावर असायचं. आधीच्या नृत्यांत मिळालेला क्रम पुढे ढालीसारखा कामी यायचा. त्या काळात कुणी ‘आधीच ठरलेलं असतं’ म्हटलं असतं, तर त्याच्याशी वाद घालणं मला जड गेलं असतं.

चार वर्षांनी, 2006 मध्ये, हीच जोडी निवृत्तीतून परतून स्वतःच्या देशात, तुरिनच्या ऑलिंपिकमध्ये उतरली. तेव्हा शॉर्ट डान्सच्या जागी दोन नृत्यं असायची: ठरवून दिलेल्या पावलांचं कम्पल्सरी आणि ठरवून दिलेल्या विषयावरचं ओरिजिनल. कम्पल्सरी डान्सनंतर ते पहिल्या स्थानावर होते. घरचं मैदान, मोठं नाव, डोक्यावर घेणारा प्रेक्षक. ओरिजिनल डान्सच्या शेवटी मार्गालिओच्या हातून लिफ्ट, म्हणजे जोडीदाराला उचलून धरण्याची हालचाल, सुटली आणि दोघं बर्फावर आले. नृत्य संपल्यावर फुझार-पोली किती तरी वेळ त्याच्याकडे रोखून बघत उभी राहिली. तो क्षण आजही लोकांना आठवतो. जोडी पहिल्यावरून थेट सातवी झाली आणि शेवटी सहावी राहिली. त्याच नृत्यात कॅनडाची मारी-फ्रान्स दुब्रुय पडली आणि दुखापतीमुळे तिला जोडीदार पात्रिस लोझोंसह माघार घ्यावी लागली. दुसरीकडे अमेरिकेचे तनिथ बेलबिन आणि बेन अगोस्टो कम्पल्सरीनंतर सहावे होते, ते वर चढत रौप्यापर्यंत पोचले. इटलीच्या जोडीची माणसं तीच, चूक तशीच. मधल्या काळात गुण द्यायची पद्धत बदलली होती.

2004 पासून लागू झालेल्या नव्या पद्धतीत प्रत्येक घटकाला वेगळी किंमत आहे. एक तांत्रिक मंडळ त्याची पातळी ठरवतं, परीक्षक फक्त तो किती चांगला झाला याचे गुण देतात. पडलात की ठरावीक वजावट होते, त्या घटकाचे गुण घसरतात, आणि तो अर्धवट राहिला असेल तर पातळीही जाते. एवढं सगळं एकत्र निसटलं की मोठं नाव वाचवू शकत नाही.

याच ओघात परीक्षकांचा मुद्दा येतो, आणि तो मी हलक्यात घेत नाही. आइस डान्सचा इतिहास या बाबतीत स्वच्छ नाही. 1998 च्या नागानो ऑलिंपिकच्या वेळी कॅनडाच्या परीक्षक जीन सेन्फ्ट यांनी युक्रेनच्या परीक्षकाशी झालेलं फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. त्यात जोड्यांचा क्रम आधीच बोलला जात होता. त्या परीक्षकावर एक वर्षाची बंदी आली. 2002 मध्ये पेअर्सच्या, म्हणजे उड्या असलेल्या जोडी-स्केटिंगच्या, निकालावरून जे प्रकरण फुटलं त्यातही आइस डान्समधल्या मतांच्या देवाणघेवाणीचा आरोप होता. हे घडलेलं आहे. आजही परीक्षक आपल्या देशाच्या खेळाडूंकडे झुकतात. एरिक झिट्झेविट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींतली आकडेवारी घेऊन तो कल मोजून दाखवला आहे.

झुकाव असतो इथपासून निकाल ठरलेला असतो इथपर्यंत मात्र बरंच अंतर आहे. नऊ परीक्षकांच्या गुणांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा काढून टाकतात, उरलेल्या सातांची सरासरी धरतात. प्रत्येक घटक किती चांगला झाला याचे गुण −5 ते +5 असे असतात; आठ जणांनी एखाद्या लिफ्टला +3 दिले आणि एकाने +5, तर तो +5 सरळ गळतो, सरासरीत काही फरक पडत नाही. दोघांनी +5 दिले तर एक गळतो, एक उरतो, आणि सरासरी 3.29 होते. म्हणजे एकट्याचा हात फार लांब पोचत नाही. दोघातिघांचा पोचतो, आणि अर्ध्या गुणाच्या फरकाने सुटणाऱ्या स्पर्धेत तेवढं पुरेसंही ठरू शकतं. ते नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. पण नवव्या स्थानावरच्या जोडीला तेवढ्याने पदक मिळत नाही. शिवाय मधली काही वर्षं कोणत्या परीक्षकाने कोणते गुण दिले हे गुप्त ठेवलं जायचं. 2016-17 च्या मोसमापासून प्रत्येक आकड्यापुढे नाव आहे. ज्यांना पक्षपाताची चीड आहे, त्यांनी स्पर्धेनंतर निघणारे हे तक्ते वाचावेत असं मला कळकळीने वाटतं. तिथे बोट ठेवून दाखवता येतं. ‘सगळं आधीच ठरलेलं’ म्हटलं की ज्या परीक्षकाने खरोखर चूक केली तोही गर्दीत सुटतो.

आणि देश बघूनच गुण मिळत असते, तर यजमानांनी जिंकायला हवं होतं. 2011 ची जागतिक स्पर्धा जपानमधल्या भूकंपामुळे मॉस्कोला हलवली गेली. तिथे सुवर्ण अमेरिकेला, रौप्य कॅनडाला, कांस्य पुन्हा अमेरिकेला मिळालं. मॉस्कोत रशियाची एकही जोडी पदकावर नव्हती. 2013 ची स्पर्धा कॅनडातल्या लंडन शहरात झाली. व्हर्च्यू आणि मोईर त्याच भागातले, ऑलिंपिक विजेते आणि चालू जगज्जेते. जिंकले अमेरिकेचे डेव्हिस आणि व्हाइट. 2016 मध्ये बोस्टनला अमेरिकेच्या दोन जोड्या पदकावर आल्या, पण सुवर्ण फ्रान्सला गेलं. 2024 मध्ये मॉन्ट्रियलला गिलेस आणि पोअरिये यांनी फ्री डान्स जिंकला आणि तरी घरच्या प्रेक्षकांसमोर एकूणात दुसरेच आले.

डेव्हिस आणि व्हाइट यांचं नाव आपल्याकडे बऱ्याच जणांना आठवत असेल. 2009-10 च्या मोसमात त्यांनी ओरिजिनल डान्स हिंदी चित्रपटगीतांवर केला होता. त्याची चित्रफीत भारतात भरपूर फिरली आणि कित्येकांना आइस डान्स नावाचा खेळ असतो हे त्यामुळे कळलं. ते नृत्य नुसतं रंगीत नव्हतं. हातांच्या मुद्रा आणि मानेच्या हालचाली भारतीय नृत्यशिक्षिकेकडून शिकून बसवलेल्या होत्या. व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये 2009 चे जगज्जेते, रशियाचे ओक्साना डोमनिना आणि मॅक्सिम शाबालिन, कम्पल्सरी डान्सनंतर पहिले होते. या ओरिजिनल डान्समध्ये व्हर्च्यू–मोईर आणि डेव्हिस–व्हाइट त्यांच्या पुढे गेले आणि शेवटपर्यंत पुढेच राहिले. ऑलिंपिक आइस डान्सचं सुवर्ण तोवर युरोपबाहेर कधी गेलं नव्हतं.

इथून प्रशिक्षकाच्या मुद्द्यावर येऊ. व्हँकुव्हरला सुवर्ण आणि रौप्य मिळवणाऱ्या दोन्ही जोड्या मिशिगनमध्ये मरीना झुएवा आणि इगोर श्पिलबांड यांच्याकडे, एकाच बर्फावर सराव करत होत्या. चार वर्षांनी सोचीला त्याच दोन जोड्या, झुएवा दोघींच्या प्रशिक्षक, आणि निकाल उलटा: सुवर्ण डेव्हिस–व्हाइट यांना, रौप्य व्हर्च्यू–मोईर यांना. प्रशिक्षकावरून निकाल ठरत असेल तर या दोघांतला क्रम कशावरून ठरला? प्योंगचांगचं सुवर्ण आणि रौप्यही एकाच छपराखालचं, मॉन्ट्रियलच्या अकादमीतलं. तुरिनला जखमी होऊन बाहेर पडलेले ते दुब्रुय आणि लोझों हीच अकादमी चालवतात. तिचा दबदबा खरा आहे आणि एका जागी इतकी ताकद एकवटणं मला स्वतःला आवडत नाही. पण 2023 चं जागतिक रौप्य इटलीच्या गिन्यार–फाब्री यांना मिळालं, त्यांच्या प्रशिक्षक बार्बरा फुझार-पोली. 2024 आणि 2025 चं रौप्य टोरंटोत कॅरल लेन यांच्याकडे शिकणाऱ्या गिलेस–पोअरिये यांना. चांगल्या प्रशिक्षकाकडे चांगल्या जोड्या जातात, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

रांगेचा मुद्दा थोडक्यात. चॉक आणि बेट्स 2015 मध्ये जागतिक रौप्य, 2016 मध्ये कांस्य घेऊन रांगेत पुढे उभे होते. मग ते 2017 मध्ये सातवे, 2018 मध्ये पाचवे, 2019 मध्ये सहावे आले. सुवर्ण मिळालं 2023 मध्ये, मधल्या काळात नृत्याची शैली बदलून, वेग आणि लिफ्टची रचना नव्याने उभारून. कॅनडाच्या केटलिन वीव्हर आणि अँड्र्यू पोजे यांना तीन जागतिक पदकं मिळाली, सुवर्ण कधीच नाही. आणि व्हर्च्यू–मोईर दोन मोसम खेळापासून दूर राहून परतले, ते थेट 2017 ची जागतिक स्पर्धा जिंकून गेले. रांगेचा नियम असता तर त्यांना शेवटी उभं राहावं लागलं असतं.

मग हा खेळ इतरांपेक्षा जास्त स्थिर का वाटतो? कारण तो आहेच. एकेरी स्पर्धेत चौपट फेऱ्यांची एक उडी फसली की चांगला खेळाडू दहा गुणांनी खाली जातो. आइस डान्समध्ये निम्म्याहून अधिक गोष्ट धारेवरच्या पकडीची असते: वळणात वेग टिकतो का, दोघांचे गुडघे एकत्र वाकतात का, अंतर न वाढवता दिशा बदलता येते का. मुरलेल्या श्रोत्याला गवयाची तयारी पहिल्या दहा मिनिटांत कळते, तसं हे सरावलेल्या डोळ्याला दिसतं, आणि ते एका आठवड्यात बदलत नाही. म्हणून पहिल्या दहा जोड्यांची यादी बरीचशी बरोबर येते. अंदाज खरा ठरण्यामागे कट असावा लागत नाही. जोडीचं कौशल्य डिसेंबरमध्ये जे होतं ते मार्चमध्येही असतं, म्हणून तो खरा ठरतो.

काम उरतं ते त्या दहांतून तीन काढण्याचं, आणि तिथे एकूण गुण बघून भागत नाही. राष्ट्रीय स्पर्धांतले गुण तर बाजूलाच ठेवावेत. ते घरचे असतात आणि बहुतेक वेळा फुगलेले. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे तक्ते उघडावेत आणि स्टेप सिक्वेन्सच्या, म्हणजे सलग पावलं आणि वळणांच्या, पातळ्या वाचाव्यात. आता त्या बाई आणि पुरुष यांना वेगवेगळ्या मिळतात, त्यामुळे जोडीत कोण मागे पडतंय तेही दिसतं. ऱ्हिदम डान्समधल्या (शॉर्ट डान्सचं आताचं नाव) ठरावीक पावलांवर, जिथे तांत्रिक मंडळ डोळ्यांत तेल घालून बघतं, ती जोडी सलग तीन स्पर्धांत पातळी राखते का? लिफ्ट वेळेच्या मर्यादेत बसतात का, की प्रत्येक वेळी एक गुण कापला जातो? हे पाहिलं की माझ्या यादीत सुवर्णासाठी बहुधा दोन नावं उरतात, आणि कांस्यासाठी चार किंवा पाच.

कांस्याची ती गर्दीच मला सगळ्यात आवडते. 2014 मध्ये साइतामाला सुवर्ण, रौप्य आणि कांस्य यांचे गुण होते 175.43, 175.41 आणि 175.37, इटलीच्या आना कापेलिनी–लुका लानोत्ते यांच्यात आणि तिसऱ्या आलेल्या फ्रान्सच्या नताली पेशला–फाबियान बुर्झा यांच्यात 0.06 चं अंतर. 2025 मध्ये बोस्टनला ब्रिटनच्या लायला फिअर आणि लुईस गिब्सन यांनी गिन्यार आणि फाब्री यांना एका गुणाहूनही कमी फरकाने चौथ्या जागी ढकललं आणि कांस्य घेतलं. ब्रिटनला आइस डान्सचं जागतिक पदक त्याआधी मिळालं होतं ते 1984 मध्ये, जेन टॉरव्हिल आणि ख्रिस्तोफर डीन यांच्या वेळी.